एम.ए. समाजशास्त्राचा संशोधन प्रकल्प कसा उभा करायचा

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आलेले बहुतेक विद्यार्थी गाइडकडे जातात ते एक शीर्षक घेऊन. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे त्यातलं नेहमीचं. शीर्षक व्याकरणाने बरोबर असतं, पण उद्या सकाळी कुणाकडे जायचं आणि काय विचारायचं हे त्यातून कळत नाही. मग सहा महिने वाचनात जातात, शेवटच्या दोन महिन्यांत घाईघाईने शंभर प्रश्नावल्या भरून आणल्या जातात आणि टक्केवारीच्या तक्त्यांनी पानं भरतात. हे टाळता येतं. प्रश्न लहान असला आणि त्या प्रश्नाची माणसं ज्या महिन्यात, ज्या जागी भेटतात तेव्हा तिथे गेलं, तर साधा विद्यार्थीही चांगलं काम करतो.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून लागू झालेल्या रचनेत साधारणपणे तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक (क्रेडिट) संशोधन प्रकल्पाला असतात. म्हणजे हाताशी जुलै ते एप्रिल एवढाच काळ, त्यातही परीक्षा. तुमच्या विभागाचं परिपत्रक आधी वाचा. शब्दमर्यादा, प्रकरणांची संख्या आणि बांधणी यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पुढे सगळीकडे ऊसतोडीचंच उदाहरण घेतलं आहे. तुमचा विषय घरकामगार, डिलिव्हरी करणारी मुलं किंवा वारीतल्या दिंड्या असला तरी पायऱ्या याच राहतील.

प्रश्न लहान करणं

पहिली पायरी : ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’. यात आरोग्य, मजुरी, उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार), निवारा, शिक्षण, सगळंच येतं, म्हणून हातात काहीच येत नाही.

दुसरी पायरी : ‘ऊसतोडीच्या स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम’. ऐकायला नेमकं वाटतं, पण ‘परिणाम’ सिद्ध करायचा तर जाणारी आणि न जाणारी मुलं काही वर्षं शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतील. दोन सत्रांत ते जमत नाही. शीर्षकात ‘परिणाम’ किंवा ‘प्रभाव’ आला की थांबून विचार करा.

तिसरी पायरी : ‘हंगामात गावी मागे ठेवलेली मुलं कुणाच्या भरवशावर राहतात, ते घरात कोण आणि कसं ठरवतं, आणि मुलगा की मुलगी, थोरलं की धाकटं यानुसार तो निर्णय बदलतो का?’

हा प्रश्न करता येण्यासारखा आहे. कागदावर त्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येकापुढे लिहा : हे मला कोण सांगेल? कुणाच्या भरवशावर, हे आजी-आजोबा सांगतील. कसं ठरलं, हे आई आणि बाप वेगवेगळं सांगतील. ज्या तुकड्यापुढे माणूस सुचत नाही तो तुकडा काढून टाका.

आता यात समाजशास्त्र कुठे आहे, हे तपासा. समस्यांची यादी आणि शेवटी ‘शासनाने लक्ष द्यावे’ एवढंच असेल तर ते निवेदन झालं. इथे मात्र एक व्यवस्था दिसते. साखर कारखान्याला हंगामापुरता मजूर मिळतो, पण त्या मजुराची पोरं सांभाळण्याचा भार गावातल्या म्हातारीवर पडतो आणि तिच्या या कामाची नोंद मजुरीच्या कुठल्याच हिशेबात नसते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, म्हणून बाईला घरी राहून मुलं सांभाळायची सोय उरत नाही. कुटुंब, लिंगभाव आणि श्रम हे तिन्ही धागे एका साध्या प्रश्नात आले. एवढी एक संकल्पना, म्हणजे संगोपनाचं बिनमोबदला श्रम, नीट धरली तरी एम.ए.च्या प्रकल्पाला पुरते. मार्क्स, वेबर, दुर्खाइम यांचा प्रत्येकी दोन पानांचा परिचय जोडून कामाला वजन येत नाही.

दिनदर्शिका समोर ठेवा

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त प्रकल्प घसरतात. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून किंवा शेजारच्या पाथर्डीतून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. जो विद्यार्थी ‘दिवाळीनंतर फील्डवर्क’ असं आराखड्यात लिहितो, त्याला गावात बंद दारं दिसतात.

वरच्या प्रश्नासाठी मात्र ही अडचणच उपयोगाला येते. काम दोन टप्प्यांत बांधा. ऑगस्टच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत आई-बापांच्या मुलाखती घ्या. उचल घेतलेली असते, जायचं ठरलेलं असतं, मुलांचं काय करायचं हाच घरातला चालू विषय असतो. मग डिसेंबर-जानेवारीत त्याच घरांत परत जा आणि मागे राहिलेल्या आजी-आजोबांना, शिक्षकांना भेटा. जुलैत प्रश्न आणि वाचन, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आराखडा, नोव्हेंबरात तिसऱ्या सत्राचा अहवाल, फेब्रुवारीत शब्दांकन संपवणं, मार्चमध्ये लेखन. एप्रिलचे पहिले दोन आठवडे गाइडच्या दुरुस्त्यांसाठी मोकळे ठेवा. गाइडकडे तुमच्यासारखे आणखी विद्यार्थी असतात आणि सगळ्यांचे मसुदे एकाच आठवड्यात पोचतात.

आराखडा चार ते पाच पानांचा पुरे : प्रश्न, तीन उद्दिष्टं (पाच-सात नकोत), आधीच्या कामाचा दीड पान आढावा, पद्धत, नैतिक बाजू, वेळापत्रक. गृहीतक हवंच असा काही विभागांचा आग्रह असतो. गुणात्मक अभ्यासात ते अनिवार्य नसतं, पण मागितलंच तर तपासता येईल असं लिहा : ‘मुलीला मागे ठेवण्याचा निर्णय घरकामाच्या गरजेशी जोडलेला असतो.’ ‘ऊसतोड कामगारांची स्थिती हलाखीची आहे’ हे गृहीतक होत नाही. त्याच्या विरुद्ध काही आढळण्याची शक्यताच त्यात नाही.

वाचन आणि आकडे

पूर्वसाहित्याचा आढावा म्हणजे ‘अमुक यांनी अमुक साली असं म्हटलं’ अशा परिच्छेदांची रांग नव्हे. पंधरा ते वीस लेखन पुरे, पण ते गटात बांधा : हंगामी स्थलांतरावरचं, मागे राहिलेल्या मुलांवरचं, बाईच्या श्रमावरचं. प्रत्येक गटाच्या शेवटी, ‘यातून माझ्या प्रश्नाचं काय कळलं आणि काय राहिलं’ हे दोन वाक्यांत लिहा. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध मोफत मिळतात. पुण्याच्या गोखले संस्थेच्या ग्रंथालयात महाराष्ट्राच्या शेती-अर्थव्यवस्थेवरचं जुनं साहित्य आहे. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ आणि मराठीत ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांचे जुने अंक चाळलेच पाहिजेत. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोली भागातल्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तिथले बरेच मजूर खानदेशातून गेलेले होते. म्हणजे परराज्यातला अभ्यास असला तरी तो आपल्याच माणसांबद्दलही आहे.

एआयच्या साधनाने सुचवलेला संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय घालू नका. अस्तित्वातच नसलेल्या लेखाचं नाव, अंक आणि पानं ते बिनदिक्कत देतं.

आकड्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. २०११च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय आकडे मिळतात आणि विद्यार्थी ते जसेच्या तसे उचलतात. ती मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन हंगामात. त्या पूर्ण काळात जो माणूस घराबाहेर होता तो जिथे सापडला तिथे मोजला जायचा. तेव्हा ऊसतोडीच्या गावाची लोकसंख्या त्या पुस्तिकेत प्रत्यक्षापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. तक्त्याखाली हे एक वाक्य लिहिलंत तर परीक्षकाला कळतं, की तुम्ही आकडा कसा तयार झाला याचा विचार केला आहे. नमुना पाहणीवरची सरकारी सर्वेक्षणं राज्याबद्दल, फार तर जिल्ह्याबद्दल बोलतात. त्यांच्यातून गावाबद्दल काही सांगू नका.

गावातला सगळ्यात उपयोगी कागद शाळेत असतो : हजेरीपट. मुख्याध्यापकांच्या परवानगीने सप्टेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांची इयत्तावार, मुलगे-मुली वेगळे अशी हजेरी उतरवा. नावं उतरवू नका. आणि डिसेंबरात एखाद्या दिवशी वर्गात बसलेली मुलं स्वतः मोजा. पटावरची आणि बाकावरची संख्या जुळली नाही तर शिक्षकांवर आरोप म्हणून नव्हे, तर नोंद कशासाठी आणि कशी ठेवली जाते याचा पुरावा म्हणून लिहा.

कुणाला आणि किती जणांना भेटायचं

आठ घरं ठेवा. प्रत्येक घरातून पहिल्या टप्प्यात आई किंवा बाप, शक्य तिथे दोघं वेगवेगळे. दुसऱ्या टप्प्यात मुलं सांभाळणारं माणूस. त्याशिवाय मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका, हंगामी वसतिगृह (मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामापुरती चालणारी सोय) असेल तर ते चालवणारी व्यक्ती आणि एखादा मुकादम. वीसच्या आसपास मुलाखती होतात, त्या एका विद्यार्थ्याला झेपतात. सुरुवात मात्र दहा घरांनी करा. एखादं कुटुंब यंदा जातच नाही, एखाद्या घरची आजी आजारी पडते, एखाद्या घरातली मुलं ऐनवेळी फडावर नेली जातात. मुलं ऐनवेळी नेलेलं हे घर नमुन्यातून काढू नका. निर्णय का फिरला हे तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, या स्नोबॉल पद्धतीत धोका असा, की नावं एकाच भावकीत आणि एकाच वस्तीत फिरत राहतात. आठही घरं वंजारी गल्लीतली आणि तांड्यावर किंवा दलित वस्तीत पाऊलच नाही, असं सहज होतं. म्हणून सुरुवातच तीन वेगळ्या ठिकाणांहून करा. यादी मुकादमाकडून घेऊ नका. त्याच्या ओळखीने गेलात की लोक तुम्हाला त्याचा माणूस समजतात आणि उचलीबद्दल, फिटलेल्या-न फिटलेल्या पैशांबद्दल एक शब्द निघत नाही. मुकादमाची मुलाखत सगळ्यात शेवटी.

विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाच-सहा प्रतींत जवळ ठेवा : सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यासाठी. संमती घेताना छापील कागद वाचून न दाखवता सांगा : मी कोण, हे कशासाठी, नाव येणार नाही, निकालानंतर रेकॉर्डिंग पुसेन, नको वाटलं तर मध्येच थांबता येईल, आणि यातून तुम्हाला काही योजना मिळणार नाही. हे शेवटचं वाक्य टाळण्याचा मोह होतो, टाळू नका. अंगठा घ्यायचा म्हटलं की उचलीच्या कागदांची आठवण असलेली माणसं बिचकतात. अशा वेळी तोंडी संमती रेकॉर्डिंगवर घ्या आणि तसं पद्धतीच्या प्रकरणात लिहा. लहान मुलांशी बोलायचं असेल तर पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही हवी, आणि घरातलं मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात हवं.

मुलाखत

आठ-दहा मुद्द्यांची यादी पुरते, पण प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा. ‘स्थलांतरामुळे मुलांच्या शिक्षणाचं नुकसान होतं का?’ असं विचारलंत तर ‘होतं की’ एवढंच येईल, कारण तुम्हाला काय ऐकायचंय ते समोरच्याला कळलेलं असतं. त्याऐवजी : ‘गेल्या वर्षी निघायच्या आधी पोरं कुणाकडे ठेवायची, हा विषय घरात पहिल्यांदा कुणी काढला? मग काय झालं?’ त्यामागून : ‘थोरलीला ठेवलं आणि धाकट्याला नेलं, ते कसं ठरलं?’ ‘का’ हा शब्द जपून वापरा. त्यात जाब विचारल्याचा सूर येतो. पैशाचे आकडे पहिल्या भेटीत विचारू नका.

बाप शेजारी बसला की आईच्या वतीने तोच बोलतो. बायका एकट्या कधी भेटतात हे आधी अंगणवाडी सेविकेला विचारून घ्या. मुलगे असाल तर वर्गातल्या मैत्रिणीला सोबत न्या आणि तिने काय केलं हे प्रकल्पात नोंदवा. मुख्य कामाआधी दोन चाचणी मुलाखती घ्या. निम्मे प्रश्न त्यातच बदलतात.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो. एअरप्लेन मोडवर टाका, दोन मिनिटं बोलून ऐकून पाहा, पंखा आणि गिरणीपासून लांब बसा. फाइलला लगेच नाव द्या, ‘घर०३_आई_टप्पा१’ असं. कोणतं घर म्हणजे कोण, ही यादी वेगळ्या वहीत, फोनवर नको. त्याच रात्री टिपणं लिहा : कोण मध्ये आलं, कुठल्या प्रश्नाला आवाज खाली गेला, रेकॉर्डिंग बंद केल्यावर काय बोलणं झालं. दुसऱ्या दिवसावर ढकललंत की यातलं अर्धं जातं.

प्रती तीन ठेवा आणि तीन ठिकाणी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या टिपणांच्या तिन्ही तयार प्रती स्टॅनफर्डमध्ये एकाच जागी होत्या आणि १९७०च्या आगीत त्या जळाल्या.

शब्दांकन आणि विश्लेषण

एक तासाच्या मुलाखतीच्या शब्दांकनाला पाच-सहा तास लागतात. वीस मुलाखती म्हणजे शंभर तासांच्या आसपास. हा हिशेब न केल्यामुळे फेब्रुवारी-मार्च कोलमडतात. मुलाखत झाली की त्या आठवड्यातच ती उतरवा. बोली जशीच्या तशी ठेवा. ‘ठिवलं’चं ‘ठेवले’ करू नका. आपोआप मजकूर करणारी साधनं मराठवाडी बोलीत अडखळतात, शिवाय लोकांनी विश्वासाने सांगितलेलं कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं हेही पाहावं लागतं. टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये करा. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर शोधता येत नाही आणि वाङ्मयचौर्यासाठीच्या साम्य तपासणीतही गोंधळ होतो.

विश्लेषण कसं पुढे सरकतं हे एका नमुन्यावर पाहू. नमुना म्हणून रचलेलं वाक्य असं, की आजी म्हणते : ‘नातीला ठिवलंय, पोराला घिऊन गेले. नात माज्या हाताखाली येती.’ समासात पहिला कोड (ओळीत काय आहे हे सांगणारं छोटं लेबल) लिहा तो घटनेचा : ‘नात मागे, नातू सोबत’. दुसरा तिच्याच शब्दांत : ‘हाताखाली येणं’. मग खाली वेगळ्या शाईत तुमचा प्रश्न : ‘आजी नातीला सांभाळते, की नात आजीला?’ आता उरलेल्या सगळ्या मुलाखतींत हा प्रश्न घेऊन फिरा. किती घरांत मागे ठेवलेली मुलगी पाणी भरते, भाकरी करते, धाकट्यांना शाळेत पोचवते? कुठल्या घरात हे अजिबात लागू होत नाही, आणि तिथे वेगळं काय आहे? विरुद्ध जाणारं घर सापडलं की ते लपवू नका, त्यावर दोन पानं लिहा. प्रबंधातला सगळ्यात बळकट भाग बहुधा तिथेच तयार होतो.

कोड तीस-चाळीस झाले की त्यांचे चार-पाच गट करा. सॉफ्टवेअर नको, रंगीत पेन किंवा साधी स्प्रेडशीट चालते. आणि आठ घरांची टक्केवारी काढू नका. ‘६२.५ टक्के’ लिहिल्याने पाच घरांची सहा होत नाहीत. ‘८ पैकी ५ घरांत’ असंच लिहा.

लिहिणं

पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, कारण ते ताजं असतं आणि सोपं जातं. नंतर विश्लेषणाची दोन प्रकरणं, मग आढावा, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. एकूण पानांपैकी निम्मी पानं तुमच्या स्वतःच्या सामग्रीची हवीत. साखर उद्योगाचा इतिहास प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी कारखान्यापासून सांगत बसलात तर वीस पानं होतात आणि एकही तुमची नसते. अर्धं पान द्या.

गावाचं नाव बदलायचंच, पण तेवढ्याने भागत नाही. ‘लोकसंख्या १,१४३’ असं लिहिलंत की जनगणना पुस्तिकेत गाव मिनिटभरात सापडतं. ‘हजार-अकराशे वस्तीचं, बालाघाटच्या रांगेतलं गाव’ एवढं पुरे. गावात मुकादम एकच असेल तर ‘मुकादम म्हणाले’ यातूनही तो ओळखू येतो. अशा वेळी ‘भागातले एक मुकादम’ लिहा.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत : १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना ठरलेल्या मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणाला बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर घालणं यंत्राला दिसलं नाही तरी ते चौर्यच आहे, आणि वाचलेल्या माणसाला ते दुसऱ्या वाक्यात कळतं.

तोंडी परीक्षा

तीन प्रश्न जवळपास नक्की येतात. एवढ्याशा नमुन्यावरून निष्कर्ष कसा काढला? उत्तर : किती घरांत असं घडतं हे माझं म्हणणं नाही, निर्णय कसा होतो, त्याची घडण कशी असते हे मी दाखवलं आहे. हेच गाव का? इथे खरं कारण सांगा, ओळखीचं गाव होतं हेही कारण चालतं, पण त्या ओळखीमुळे कोणती दारं उघडली आणि कोणती बंद राहिली हे सांगता आलं पाहिजे. तुमची जात, लिंग, शहरी किंवा गावची ओळख यामुळे उत्तरं बदलली का? ‘नाही’ म्हणू नका. एक प्रसंग तयार ठेवा.

सोबत नावं काढून टाकलेल्या दोन मुलाखतींचं पूर्ण शब्दांकन, कोडची यादी आणि संमतीच्या नोंदींचा नमुना न्या. निकाल लागला की रेकॉर्डिंग पुसा आणि घरांची यादी असलेली वही नष्ट करा, संमती घेताना तसं सांगितलेलं असतं.